हदीसपरीक्षेची पद्धति व कोंकणी मुसलमानांची मूलकथा

रायगड (पूर्वींचा कुलाबा) जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, श्रीवर्धन तालुक्यांत, बोर्ली पंचतन हें गांव आहे. इ. स. १९४८ पर्यंत हा सारा टापू जंजिऱ्याच्या हबशी संस्थानांत मोडत असे. या गांवीं, व तसेंच श्रीवर्धन, म्हसळें, मुरूड या बाजूस, कोंकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. हे लोक सुन्नी असून शाफई मताचे अनुयायी आहेत. त्यांच्या मूळ उत्पत्तीविषयीं एक कथा किनाऱ्यावर सर्वत्र ऐकूं येते. ती थोडक्यांत अशी : इराकचा सुभेदार हज्जाज बिन यूसुफ याच्या जुलमास त्रासून हिजरी पहिल्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे इ. स. ७०० च्या सुमारास, कांहीं कुलीन अरब कुटुंबें गलबतांत बसून निघालीं व कोंकणच्या किनाऱ्यास लागलीं. नवायत व कोंकणी मुसलमान हे त्यांचेच वंशज होत.

कर्नल विल्क्स यानें १८१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या म्हैसूरच्या इतिहासांत ही कथा दिली आहे, आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतहि ती आली आहे. तेथून पुढें मराठी लेखकांच्या दोन तऱ्हा दिसतात. पहिली, गॅझेटियरांतील परिच्छेद भाषांतर करून उतरून घेण्याची. दुसरी, ‘दंतकथा’ एवढा एकच शेरा मारून ती हातावेगळी करण्याची. पहिल्या तऱ्हेंत परीक्षा नाहीं आणि दुसरींतहि नाहीं. ज्या समाजाची ही कथा आहे त्याच्याच धर्मविद्येंत ऐकीव वार्ता पारखण्याचें एक शास्त्र हजार वर्षांपूर्वींच परिणत झालेलें आहे. त्याच शास्त्राच्या कसोटीवर ही कथा घासून पाहावी, आणि तसें करतांना त्या कसोटीचेंहि मोल ठरवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हदीस म्हणजे पैगंबर मुहंमद यांच्या उक्तीची, कृतीची किंवा संमतीची वार्ता. तिचीं दोन अंगें असतात. अमक्यानें अमक्यापासून ऐकिलें, त्यानें अमक्यापासून, अशी सांगणारांची जी माळ आरंभीं येते ती सनद. आणि त्या माळेच्या शेवटीं जो मजकूर येतो तो मत्न. सांगणाऱ्या प्रत्येकास रावी म्हणतात. ‘सनद’ हा शब्द आमच्या वाचकांस वेगळ्या अर्थानें परिचित आहे. वतनाची सनद, इनामाची सनद असें आपण नित्य म्हणतों. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘आधार, टेकण’ असा आहे, व तो दोहों ठिकाणीं सारखाच लागतो. वतनदाराच्या हातीं सनद नसेल तर त्याच्या बोलण्यास दफ्तरांत जी किंमत, तीच सनदेवांचून सांगितलेल्या हदीसेस मुहद्दिसांच्या सभेंत.

हदीस ‘सहीह’ ठरण्यास पांच गोष्टी लागतात. माळ कोठेंहि तुटलेली नसावी. प्रत्येक रावी सचोटीचा असावा. त्याची स्मृति किंवा त्याची वही बिनचूक असावी. त्याचें सांगणें त्याहून भरंवशाच्या लोकांच्या सांगण्याविरुद्ध जाणारें नसावें. आणि वरकरणीं न दिसणारा एखादा गुप्त दोष आंत नसावा. या पांचांतील शेवटल्या दोन अटींकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. मुहद्दिस फक्त सांगणारांचीं नांवें मोजतो, मजकुराकडे पाहतच नाहीं, असा एक आक्षेप पुष्कळदां ऐकूं येतो. या दोन अटी मजकूर पाहिल्यावांचून पुऱ्याच होत नाहींत. एकच वार्ता दहा शिष्यांनीं सांगितली असतां अकराव्याच्या सांगण्यांत एक शब्द अधिक कां, हें पाहण्यास दहाहि पाठ शेजारीं शेजारीं मांडावे लागतात. पोथ्यांचे पाठभेद ज्यांनीं लावले आहेत त्यांस हें काम नवें वाटणार नाहीं.

रावींची पारख करण्यास रावींचे चरित्रकोश लागतात, आणि या कोशांच्या मुद्रणाचें मोठें श्रेय दक्षिणेकडे आहे. इब्न हजर अस्कलानी (इ. स. १३७२–१४४९) याचा ‘तह्जीब अल्-तह्जीब’ हा बारा खंडांचा कोश हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या संस्थेनें १९०७ ते १९०९ या सालांत छापला, त्याचाच ‘लिसान अल्-मीजान’ पुढें दोन-चार वर्षांनीं तेथेंच निघाला. ज्या संस्थानांत त्या वेळीं आमचा सारा मराठवाडा होता त्याच्याच राजधानींत हें काम झालें, ही गोष्ट मराठी अभ्यासकांच्या ध्यानांत फारशी राहिलेली नाहीं. या कोशांत रावी कोठें जन्मला, कोणापाशीं शिकला, कोणत्या गांवीं गेला, केव्हां वारला, म्हातारपणीं त्याची स्मृति बिघडली कीं काय, त्याची वही जळाली कीं काय, येथपर्यंत नोंदी असतात. गुरु व शिष्य यांची भेट होणें शक्य होतें कीं नाहीं, हें या नोंदींवरून ठरतें.

निर्णय मात्र खरें व खोटें असा दोनच खणांचा नसतो. सहीह, हसन (म्हणजे मध्यम पण ग्राह्य), जईफ (दुर्बळ) आणि मौजू (बनावट) अशा ढोबळ पायऱ्या असून प्रत्येकीच्या पोटांत आणखी भेद आहेत. दुर्बळ आणि बनावट हे दोन वेगळे निकाल आहेत. माळेंत एक दुवा सुटला म्हणून वार्ता दुर्बळ होते. ती खोटी आहे असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. बनावट म्हणण्यास वेगळा पुरावा लागतो. आमच्या इतिहासक्षेत्रांत ‘अस्सल’ व ‘बनावट’ या दोनच शब्दांवर सारा कारभार चालतो, आणि त्यामुळें मधल्या सर्व वार्तांचे हाल होतात.

बनावट ठरविण्यास कशा प्रकारचा पुरावा लागतो त्याचें एक नामांकित उदाहरण संग्राहकांस उपयोगी पडेल. हिजरी पांचव्या शतकांत बगदाद येथें एक कागद पुढें आला. खैबरच्या यहुद्यांस पैगंबरांनीं जिझियाची माफी दिली, असा त्यांत मजकूर असून खालीं साक्षीदारांचीं नांवें होतीं. वजिरानें तो खतीब बगदादी (मृत्यु इ. स. १०७१) यास दाखविला. खतीबानें पाहतांच तो बनावट म्हणून सांगितलें. कारण विचारतां त्यानें साक्षीदारांकडे बोट दाखविलें. साक्षींत मुआवियाचें नांव आहे. पण मुआवियानें इस्लाम स्वीकारला तो मक्का घेतली त्या सालीं, हिजरी ८ मध्यें, आणि खैबर पडलें तें हिजरी ७ मध्यें. साक्षींत साद बिन मुआजचेंहि नांव आहे. पण साद हा खंदकाच्या लढाईंतील जखमेनें हिजरी ५ मध्येंच वारला होता. एक साक्षीदार अजून आला नव्हता आणि दुसरा गेला होता! शाई, कागद, अक्षरवळण यांस हात न लावतां केवळ दोन तारखांवर हा निकाल झाला. इनाम कमिशनापुढें आलेल्या आपल्याकडील कित्येक वतनपत्रांची परीक्षा ज्यांनीं वाचली असेल त्यांस ही रीत घरचीच वाटेल. फरक इतकाच कीं खतीब हा कमिशनाच्या आधीं आठ शतकें होऊन गेला.

दुसरें उदाहरण हिंदुस्थानांतलेंच आहे. भटिंड्याचा कोणी रतन नांवाचा पुरुष सहाशें वर्षें जगला, त्यानें पैगंबरांस प्रत्यक्ष पाहिलें होतें, आणि त्यानें त्यांच्या तोंडून ऐकिलेल्या हदीसा सांगितल्या, अशी वार्ता हिजरी सातव्या शतकांत पसरली. त्याच्या नांवावर हदीसांचे संग्रहहि तयार झाले. या बनावाचें मर्म समजण्यास एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. मुहद्दिसांमध्यें आंखूड सनदेस फार मान असे. आपल्यापासून पैगंबरांपर्यंत दुवे जितके कमी तितकी प्रतिष्ठा अधिक. ज्याची मागणी असते त्याचीच नक्कल निघते. सहाशें वर्षें जगलेला साक्षीदार सांपडला तर हिजरी सातव्या शतकांतल्या माणसासहि दोन दुव्यांची सनद मिळते! दमास्कसच्या जहबीनें (मृत्यु इ. स. १३४८) रतनचें खंडन करण्यास एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. त्या पिढींतील कोणीहि शंभर वर्षांपुढें हयात राहणार नाहीं अशा अर्थाची हदीस सर्वमान्य संग्रहांत आहे. आणि एका हदीसेसाठीं महिना-महिना प्रवास करणारे लोक ज्या काळीं होते त्या काळीं असा साक्षीदार पांचशें वर्षें कोणाच्या कानावर येऊं नये हें असंभवनीय आहे. गंमतीची गोष्ट ही कीं ‘कामूस’ या विख्यात शब्दकोशाचा कर्ता फीरोजाबादी हिंदुस्थानांत आला असतां त्यास रतनचे वंशज म्हणविणारे लोक भेटले, व जहबीनें इतकें कठोर बोलावयास नको होतें असें त्याचें मत पडलें. इब्न हजरनें दोन्ही बाजू नोंदवून ठेविल्या आहेत. विद्वान् माणूससुद्धां एकदां जागेवर जाऊन आला कीं त्या जागेच्या कथेविषयीं मऊ होतो. हा अनुभव आमच्याकडील संशोधकांसहि नवा नाहीं.

बनावटीचीं कारणें नेहमींच लोभाचीं नसतात. नूह बिन अबी मरयम यानें कुराणाच्या एकेका प्रकरणाच्या पठनाचें पुण्य सांगणाऱ्या हदीसा रचल्या, त्या लोक कुराण सोडून इतर विद्यांच्या नादीं लागले म्हणून, असें त्याच्याच कबुलीनें सांगतात. दुसरी कथा खलीफा महदीची (इ. स. ७७५–७८५). त्यास कबुतरांचा शोक. गियास बिन इब्राहीम यानें त्याच्यापुढें शर्यतीविषयींची एक हदीस म्हटली. तींत बाण, उंट व घोडा एवढ्यांवरच पैज लावावी असें होतें, त्यांत यानें ‘पंख’ हा शब्द आपल्या पदरचा घातला. खलीफानें बक्षीस दिलें, पण तो जातांच ‘ही लबाडाची मान’ असें म्हणून कबुतरें मारविलीं. ही कथा सर्व पाठ्यग्रंथांत येते. तिची स्वतःची सनद कितपत मजबूत आहे हा प्रश्न मात्र विद्यार्थी सहसा विचारीत नाहींत.

आतां आपल्या घराकडे वळूं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढला तेव्हांपासून बखरीवर अस्सल पत्राचें वर्चस्व मान्य झालें. तें योग्यच झालें. पण त्यानंतर बखरींची आपापसांत प्रतवारी लावण्याचें काम मागें पडलें. सभासदानें १६९४ च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, जिंजीस लिहिलें. तो प्रत्यक्ष त्या काळचा माणूस. मल्हार रामराव चिटणीस याची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची. या दोघांस ‘बखरकार’ या एकाच खणांत टाकणें म्हणजे समकालीन साक्षीदारास व पांचव्या पिढींतल्या रावीस एका पंक्तीस बसविणें होय. शिवजन्मतिथीच्या वादांत हेंच घडलें. शके १५४९ ची वैशाखांतली मिति अनेक बखरींत येते, म्हणून तिचे साक्षीदार पुष्कळ, असें एके काळीं वाटे. परंतु एकमेकींवरून उतरलेल्या दहा बखरी म्हणजे दहा सनदा नव्हेत. तो एकच दुवा दहा वेळां मोजणें झालें. उलट शके १५५१ फाल्गुन वद्य ३ या मितीस जेधे शकावली, कवींद्र परमानंदाचें शिवभारत आणि जोधपूरकडील जन्मपत्रिका असे एकमेकांशीं संबंध नसलेले तीन साक्षीदार मिळाले. मुहद्दिसांच्या भाषेंत असल्या स्वतंत्र साक्षीस ‘शाहिद’ म्हणतात, व दुर्बळ वार्तेस बळ येतें तें अशा शाहिदानें, पुनरुक्तीनें नव्हे.

या तयारीनें हज्जाजची कथा तपासूं. प्रथम सनद. विल्क्सपासून मागें हज्जाजपर्यंत अकराशें वर्षें होतात. कथेचे पाठीराखे मध्यें तबरीचें (मृत्यु इ. स. ९२३) नांव घेतात. तें नांव मोठें आहे. पण तबरी धरला तरी त्याच्यापासून आजच्या सांगणाऱ्यापर्यंतचे दुवे नांवानिशीं कोणी देत नाहीं. ‘आमचे वडील सांगत’ हा दुवा घरांत चालतो; मुहद्दिसाच्या लेखीं तो अज्ञात रावी होय. आणखी असें कीं पाठापाठांत फरक आहे. कोठें हे लोक कूफ्याहून निघाले, कोठें बसऱ्याहून, कोठें मदीनेहून. कोठें ते हाशिम घराण्यांतले, कोठें केवळ कुरैशी. सारख्याच वजनाचे पाठ एकमेकांशीं जुळत नसले व त्यांतला कोणताहि वरचढ ठरत नसला म्हणजे त्या वार्तेस ‘मुज्तरिब’ म्हणजे डळमळीत म्हणतात. सनद तुटकी आणि पाठ डळमळीत, एवढें येथवर निश्चित झालें.

आतां मत्न. हज्जाज हा कल्पित पुरुष नव्हे. तो इ. स. ६९४ पासून ७१४ मध्यें मरेपर्यंत इराकचा सुभेदार होता. इ. स. ७०० च्या सुमारास इब्न अश्अस याचें मोठें बंड त्यानें मोडलें, व त्यानंतर पुष्कळ लोक परागंदा झाले हें खरें आहे. इराणच्या आखातांतून कोंकणच्या बंदरांस मोसमी वाऱ्यावर गलबतें येत असत हेंहि खरें. तेव्हां कथेंत अशक्य असें कांहीं नाहीं. खैबरच्या कागदांतल्याप्रमाणें येथें मेलेला साक्षीदार सही करीत नाहीं. म्हणून जे लोक ही कथा ‘बनावट’ म्हणतात ते पुराव्याच्या पुढें जातात.

तथापि कथेच्या समर्थनार्थ जो एक युक्तिवाद केला जातो तो मात्र टिकत नाहीं. कोंकणी मुसलमान शाफई आहेत, उत्तरेकडील मुसलमान बहुशः हनफी आहेत; अतएव कोंकणचे लोक थेट अरबस्तानांतून फार प्राचीन काळीं आले, असा तो युक्तिवाद. यांतील पहिला भाग बरोबर आहे, पण ‘फार प्राचीन काळीं’ हा भाग त्यांतून निघत नाहीं. इमाम शाफई जन्मले इ. स. ७६७ मध्यें व वारले ८२० मध्यें. हज्जाजला भिऊन जे निघाले ते शाफई असूंच शकत नव्हते. शाफई मत तेव्हां जन्मासच आलें नव्हतें. हें मत कोंकणांत आलें तें नवव्या शतकानंतर केव्हां तरी, आणि तें टिकलें तें यमन, हद्रमौत, मक्का यांच्याशीं पुढें कित्येक शतकें चाललेल्या दळणवळणानें. म्हणजे ज्या गोष्टीस एका स्थलांतराचा पुरावा समजतात ती वस्तुतः सतत येण्याजाण्याचा पुरावा आहे. एका गलबताची कथा सांगणारांस हें थोडें कमीपणाचें वाटेल. इतिहासाच्या दृष्टीनें तें अधिक मोठें आहे.

या जागीं एक प्रत्यक्षदर्शी साक्षीदारहि आहे. मसूदी हा हिजरी ३०४ (इ. स. ९१६) मध्यें सैमूर येथें आला. सैमूर म्हणजे आपलें चौल, बोर्लीच्या उत्तरेस, राजपुरीच्या खाडीपलीकडे. तेथें सुमारें दहा हजार मुसलमान असल्याचें तो सांगतो. कांहीं हिंदुस्थानांतच जन्मलेले, त्यांस तो ‘बयासिरा’ म्हणतो. कांहीं सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून येऊन राहिलेले. त्यांच्या न्यायनिवाड्यास ‘हुनरमन’ नांवाचा त्यांच्यांतलाच अधिकारी बल्हरा राजानें, म्हणजे राष्ट्रकूटानें, नेमिलेला असे, आणि त्याचें नांवहि मसूदीनें दिलें आहे. सैमूरच्या राजाचें नांव तो ‘जानज’ असें देतो. हा शिलाहार झंझ होय हें विद्वानांनीं ओळखलें आहे. परकीय प्रवाशाच्या लेखांतलें नांव आमच्या ताम्रपटांतल्या नांवाशीं जुळतें, तेव्हां त्या प्रवाशाच्या इतर सांगण्यासहि वजन येतें.

त्याला शाहिदहि आहे. डहाणू तालुक्यांतील चिंचणीचा शके ८४८ (इ. स. ९२६) चा ताम्रपट राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळचा आहे. त्यांत संयानचा, म्हणजे संजाणचा, मांडलिक अधिकारी ‘मधुमति’ उर्फ सुगतिप, साहियारहाराचा पुत्र, ‘ताजिक’ वंशांतला म्हणून आला आहे. मधुमति हें मुहंमद याचें संस्कृत रूप. एक अरबी ग्रंथ व एक संस्कृत ताम्रपट, दहा वर्षांच्या अंतराचे, एकमेकांस न ओळखणारे, आणि दोन्ही सांगतात कीं दहाव्या शतकाच्या आरंभीं या किनाऱ्यावर मुसलमान होते, इतकेंच नव्हे तर ते राष्ट्रकूटांच्या राज्ययंत्रांत अधिकारावर होते. पुढें तर अलिबागजवळच्या नागांवच्या शिलालेखांत हिजरी ७६९ व शके १२८९ असे दोन्ही सन एकत्र येतात. ते परस्परांशीं जुळतात. एवढ्या साक्षी हातीं असतांना हज्जाजच्या नांवाचा आश्रय घेण्याची गरज काय?

गरज आहे ती कुलीनपणासाठीं. व्यापारी म्हणून आलों यापेक्षां जुलमास न जुमानतां निघालों हें सांगण्यांत मान अधिक. असें प्रत्येक समाजांत आढळतें. परशुरामानें समुद्र हटवून वसविलेल्या आमच्या कोंकणस्थांनीं यावर हसण्याचें कारण नाहीं. मुहद्दिसांनीं अशा वार्तांची एक सोय लावून ठेविली आहे. दुर्बळ हदीस पुण्यकर्माची गोडी लावण्यास पुष्कळांनीं चालवून घेतली, पण तिच्यावर कायद्याचा निर्णय बसवूं दिला नाहीं. त्याच न्यायानें हज्जाजची कथा लग्नाच्या मजलशींत सांगण्यास कोणाची हरकत नसावी. पण अमुक घराणें अस्सल व अमुक मिश्र, असा भेद तिच्यावरून करूं लागल्यास ती कथा कायद्याच्या दरबारांत आली, आणि तेथें ती जईफ आहे.

माहीमचे मखदूम अली (मृत्यु हिजरी ८३५, इ. स. १४३१–३२) यांच्याविषयींची एक आख्यायिका याच जातीची आहे. मखदूम हे शाफई मताचे व मोठे कुराणभाष्यकार. त्यांचें घराणें नवायत म्हणून प्रसिद्ध. समुद्रकांठीं ख्वाजा खिज्र यांनीं त्यांस लहानपणीं शिकविलें असें भाविक सांगतात. खिज्र हे अमर मानले जातात. अर्थात् त्यांच्यापासून घेतलेल्या विद्येस काळाचा अडथळा राहत नाहीं. पण खिज्र हयात आहेत कीं नाहींत या प्रश्नावर मुहद्दिसांत पूर्वींच कडाक्याचा वाद झाला, आणि त्यांतील एक पक्ष, रतनचें खंडन ज्या शंभर वर्षांच्या हदीसेनें झालें तिच्याच आधारानें, नाहीं असें म्हणतो. मखदुमांची योग्यता त्यांच्या भाष्यावर उभी आहे. तिला या टेकणाची जरूर नाहीं.

आतां कसोटीच्या उणिवा. गोल्डत्सिहर यानें १८९० सालीं, व त्यानंतर शाख्त यानें १९५० सालीं, असा आक्षेप घेतला कीं मजकूर बनवितां येतो तशी सनदहि बनवितां येते, आणि कायद्याविषयींच्या पुष्कळ हदीसांच्या सनदा कालांतरानें मागें वाढत गेल्या आहेत. आक्षेप पोकळ नाहीं. सचोटीच्या माणसाचें नांव खोट्या माळेंत ओवणें ही चोरी मुहद्दिसांसहि ठाऊक होती, व तिला त्यांनीं नांवहि दिलें आहे. पण आक्षेपाची व्याप्ति फार ताणली गेली. हैदराबादचे डॉ. मुहंमद हमीदुल्ला यांनीं बर्लिन व दमास्कस येथील हस्तलिखितांवरून हम्माम बिन मुनब्बिह याची ‘सहीफा’ १९५३ सालीं प्रसिद्ध केली. हम्माम हा पैगंबरांच्या सहवासांतील अबू हुरैरा यांचा शिष्य. त्याच्या छोट्या वहींत १३८ हदीसा आहेत. याच हदीसा अहमद बिन हंबल याच्या मोठ्या संग्रहांत, कित्येक पिढ्यांनंतर, हम्मामच्या सनदेनें आल्या आहेत. दोन्ही ताडून पाहतां पाठ जवळजवळ शब्दशः जुळतो. निदान या एका माळेपुरतें तरी दुव्यादुव्यांनीं मजकूर इमानानें पोंचविला हें येथें दिसलें, आणि तें दिसलें तें हस्तलिखितांमुळें.

उलट बाजूचें उदाहरण खानदेशाच्या सीमेवरचें आहे. बुऱ्हाणपुरास जन्मलेले व मक्केस इ. स. १५६७ मध्यें वारलेले अली मुत्तकी यांनीं ‘कन्ज अल्-उम्माल’ या ग्रंथांत सुमारें शेहेचाळीस हजार वार्ता विषयवार लावल्या. ग्रंथ अतिशय सोयीचा. पण त्यांत सनदा गाळून केवळ मूळ ग्रंथांच्या खुणा ठेविल्या आहेत. त्यामुळें वाचकाच्या हातीं सोनें व पितळ एकाच थैलींतून येतें. त्यांचेच शिष्य, गुजराथेंतील पट्टणचे मुहंमद ताहिर (मृत्यु इ. स. १५७८), यांनीं बनावट हदीसांवर ‘तज्किरत अल्-मौजूआत’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गुरूनें गोळा करावें व शिष्यानें पाखडावें, अशी ही जोडी मोठी लक्षांत राहण्यासारखी आहे.

संग्राहकांस एक सूचना केल्यावांचून राहवत नाहीं. अरबी पोथी हातीं आली म्हणजे सोनेरी वेलबुट्टीचें पहिलें पान जपलें जातें, आणि शेवटचें, बारीक अक्षरांनीं भरलेलें, मळकें पान बांधणीच्या वेळीं कापलें जातें. परंतु हदीसग्रंथांत बहुधा त्याच पानावर ‘समाअ’ असतो. अमुक गुरूपुढें अमुक साली अमुक मंडळींनीं ही प्रत वाचून घेतली, अशी नांवानिशीं नोंद. मक्केंतील करीमा या विदुषीनें (पांचवें हिजरी शतक) बुखारीचा ग्रंथ शिकविला. मूळ प्रतीशीं ताडून घेतल्यावांचून ती कोणासहि आपल्या नांवानें सांगूं देत नसे. यूनीनी यानें तेराव्या शतकांत बुखारीच्या प्रती जुळवून समासांत ज्या खुणा घातल्या त्यांवरून १८९३–९५ ची बुलाक येथील आवृत्ति निघाली. समासांतल्या त्या लहान अक्षरी खुणा कित्येकांस शाईचे डाग वाटतात! कोंकणच्या घरांतून ज्या किताबा अद्याप पेट्यांत आहेत त्यांचीं शेवटचीं पानें व समास यांची नक्कल आधीं करावी; पुस्तकाचें नांव मागाहून पाहिलें तरी चालेल.

राहिला गांवाच्या नांवाचा प्रश्न. ‘पंचतन’ या शब्दांत कोणास पांच गांवांचा समूह दिसेल, कोणास पंचायतन, तर कोणास मुहंमद, अली, फातिमा, हसन व हुसेन हें ‘पंजतन’. तिन्ही अर्थ कानास गोड लागतात, आणि तिघांचाहि आधार ध्वनिसाम्यापलीकडे नाहीं. शेजारच्या दिवेआगरचा शके ९८२ (इ. स. १०६०) चा मराठी ताम्रपट या टापूंतील नांवांच्या लेखी रूपांचा काळ किती मागें नेतां येतो तें दाखवितो. बोर्लीच्या नांवासहि हाच मार्ग धरावा : जंजिऱ्याच्या जमाबंदीचे कागद, पेशवे दफ्तरांतील श्रीवर्धनकडील पत्रें आणि मशिदी-देवळांवरील लेख यांतून ‘बोर्ली’पुढें ‘पंचतन’ हा शब्द प्रथम कोणत्या सालीं, कोणत्या वळणानें व कोणाच्या हातचा येतो तें टिपून घ्यावें, आणि तीं रूपें कालानुक्रमानें एका खालीं एक मांडावींत.